गाळप संपते, शाळेचे वर्षही संपते



या पानावर आम्ही एरवी लिहितो ते बेणे, खत, पाणी आणि पाचट यांविषयी. खोडव्याची बगल फोडली का, बुडखे जमिनीलगत छाटले का, हेच आमचे नेहमीचे विचारणे. या खेपेस मात्र थोडे वेगळे लिहितो आहोत. विषय शाळेचा आहे. 'शेतकी खात्याच्या माणसाला शाळेची उठाठेव कशाला?' असे कोणी म्हणेल. पण मंडळी, वाडी-वस्तीवर नोंदीला गेल्यावर आम्ही बसतो कुठे? शाळेच्या कट्ट्यावरच की. झाडाखाली सावली असते, रांजणात पाणी असते, आणि गावात कोण आहे अन् कोण रानात आहे हे गुरुजींना पक्के ठाऊक असते. गेली वीस-बावीस वर्षे आम्ही कार्यक्षेत्रातल्या शाळा अशा बाहेरून पाहत आलो. यंदा जरा आत जाऊन पाहिल्या.

आणखी एक कारण आहे. आपल्याकडे दोन वर्षे जवळजवळ एकाच सुमारास संपतात. एक गाळपाचे आणि दुसरे शाळेचे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो आणि उन्हाळा लागला की पट्टा पडतो. अलीकडे काही हंगामांत तर फेब्रुवारी-मार्चमध्येच पट्टा पडला. २०२४-२५ च्या हंगामात तसेच झाले, हे आपल्या स्मरणात असेलच. शाळेचे वर्ष त्यानंतर महिना-दीड महिन्याने संपते. एप्रिलमध्ये परीक्षा आणि १ मे रोजी झेंडावंदन होऊन निकाल. हे मधले चार-सहा आठवडे दिसायला थोडे, पण काही मुलांचे सबंध वर्ष त्या फटीत पडते. ते कसे, हे पुढे सांगतो.

निकालाचा दिवस

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. दोन वर्षांनी, १ मे १९६२ पासून, जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि वाडीवरची प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आली. म्हणजे निकालाचा दिवस, राज्याचा वाढदिवस आणि आपल्या शाळेच्या मालकिणीचा वाढदिवस, तिन्ही एकच.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांना तो दिवस आठवत असेल. इस्त्री नसली तरी तांब्यात निखारे घालून सदरा सरळ केलेला. झेंड्याला सलामी झाली की गुरुजी टेबलावर कागद उलगडून एकेक नाव वाचत. नाव आले की पोर धावत सुटायचे ते थेट रानात, बापाला सांगायला. बाप मोटेवर नाहीतर दाऱ्यावर. "पास झालो" म्हटले की "बरं झालं, आता जरा दारं मोड," एवढेच कौतुक. पण संध्याकाळी गूळ-खोबरे वाटले जायचे हेही खरे.

आता प्रगतिपुस्तक मिळते, पेढ्याच्या जागी चॉकलेट आले आहे आणि बापाला फोनवर फोटो जातो. तरी सकाळी सात-साडेसातला वाडीवर स्पीकरची खरखर सुरू झाली की म्हातारी माणसेसुद्धा धोतर झटकून शाळेकडे निघतात. छोट्या शाळेचे हे वैशिष्ट्यच आहे. पट वीस-पंचवीस असला तर प्रत्येक नाव कुणाचे ना कुणाचे नातवंड असते. टाळ्या सगळ्यांनाच पडतात.

तोड कधी संपणार?

स्नेहसंमेलन मात्र निकालाच्या आधीच होते. कोठे डिसेंबरात, कोठे जानेवारी-फेब्रुवारीत. आपल्या कार्यक्षेत्रातील एका वाडीवरच्या संमेलनाची हकिकत सांगण्यासारखी आहे.

हंगाम ऐन भरात असताना गट ऑफिसमध्ये त्या शाळेच्या बाई आल्या. दुपारची वेळ. चिटबॉय, मुकादम, पाच-सात सभासद, अशी नेहमीची गर्दी होती आणि नेहमीचाच प्रश्न चालला होता, "साहेब, आमचा नंबर कधी?" बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्या वाडीवरची तोड कधी संपणार?"

आम्ही रजिस्टर पुढे ओढून विचारले, "बाई, ऊस कुणाच्या नावावर आहे? लागण की खोडवा?"

"माझा ऊस नाही साहेब. माझी पोरं तुमच्या टोळीत आहेत."

सगळे गप्प झाले. मग बाईंनी समजावून सांगितले. ओढ्याकाठच्या पडीक रानात ट्रॅक्टरची एक टोळी उतरली होती. दहा-बारा कोयते. मंडळी बीड जिल्ह्यातली. त्यांच्या कोप्यांतली शाळेच्या वयाची मुले बाईंनी आणि गुरुजींनी घरोघर, म्हणजे कोपी-कोपीला जाऊन शाळेत आणली होती. पहिल्या आठवड्यात ती दाराशीच बसत. महिन्याभरात वर्गात मिसळली. आता संमेलन ठरवायचे होते. दरवर्षीप्रमाणे ते उशिरा घेतले असते तर ऊस संपून टोळी पुढच्या गावाला गेली असती. नाच-गाणी बसवायची आणि ऐन दिवशी अर्धी पोरे गायब, असे बाईंना नको होते. म्हणून तारीख त्यांनी शिक्षण खात्याला नव्हे, तोडणी कार्यक्रमाला विचारली!

आम्ही कार्यक्रम पाहून अंदाज सांगितला आणि संमेलन त्याप्रमाणे ठरले. गाळपाचा कार्यक्रम पाहून शाळेचा सण ठरवलेला आम्ही प्रथमच पाहिला.

ट्रॉल्यांचे व्यासपीठ

वाडीवर मांडव कुठला? दोन रिकाम्या ट्रॉल्या शेजारी-शेजारी लावल्या, फाळके पाडले, वर फळ्या टाकून जाजम अंथरले, मागे ताडपत्री बांधली. झाले व्यासपीठ. ट्रॉल्या दिल्या दोन सभासदांनी. विजेचा भरवसा नाही म्हणून कार्यक्रम दिवसाउजेडी, तिसऱ्या प्रहरी ठेवला. बायकांनी शाळेच्या ओसरीवर हळदीकुंकू उरकून घेतले. टोळीतल्या बायकांनाही बोलावणे गेले होते. दोघी-तिघी आल्या, रानातून तशाच, हाताला पाचटाचे ओरखडे घेऊन. त्यांना वाण देताना आपल्या एका आजी म्हणाल्या, "अगं, बस की खाली. ऊस काय पळून चाललाय?"

कार्यक्रम नेहमीचेच होते. लेझीम झाले, कोळीगीत झाले, सावित्रीबाईंच्या वेषात एक चिमुरडी मध्येच विसरली आणि आईकडे पाहून हसली. खरी धमाल उडवली ती छोट्या नाटुकल्याने. एक पोरगा इन करून, हातात फाईल घेऊन शेतकी साहेब झाला होता. शेतकरी विचारतो, "साहेब, माझा नंबर कधी?" साहेब फाईल उघडून म्हणतो, "पुढच्या आठवड्यात." पुन्हा विचारले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला सगळी वाडीच एका सुरात ओरडली, "पुढच्या आठवड्यात!" आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. हसण्यावाचून गत्यंतर नव्हते. बरे, साहेबाची ती भूमिका करणारा पोरगा टोळीतला. हंगामभर त्याने आम्हाला अगदी जवळून पाहिले होते.

मग बक्षिसे. पहिला नंबर, हस्ताक्षर, धावणे, लिंबू-चमचा. शेवटी बाईंनी एक वेगळे बक्षीस पुकारले, 'हंगामभर हजेरी'. ते मिळाले टोळीतल्या पाचवीच्या एका मुलीला. ती रोज धाकट्या भावाला काखेत घेऊन यायची. भाऊ अंगणवाडीच्या वयाचा. तो वर्गात एका कोपऱ्यात झोपायचा आणि ही गणिते करायची. आई पहाटे फडात गेलेली, मग भावाला कोण सांभाळणार? बाईंनी त्यावर कधी हरकत घेतली नाही. बक्षीस म्हणून दप्तर आणि कंपासपेटी दिली. मुलीची आई मागे ट्रॅक्टरला टेकून उभी होती. नाव पुकारले तेव्हा तिने आधी आजूबाजूला पाहिले, याच नावाची दुसरी कोणी आहे की काय म्हणून.

आठ दिवसांनी त्या रानातला ऊस संपला. कोप्या मोडल्या आणि टोळी पुढे गेली.

फटीत पडलेले वर्ष

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही मुलगी पाचवीत. पूर्वी आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवत नसत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीतही जमले नाही तर त्याच वर्गात राहावे लागते. नियम अभ्यासाच्या दृष्टीने ठीक असेल. पण जे पोर दिवाळीपर्यंत एका शाळेत, संक्रांतीपर्यंत दुसऱ्या आणि शिमग्याला तिसऱ्या गावात, त्याने कोणत्या शाळेत परीक्षेला बसावे?

यावर उपाय नाही असे नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. त्याप्रमाणे दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलाचा दाखला नाही म्हणून त्याला दाराबाहेर ठेवता येत नाही. वयाला योग्य त्या वर्गात घ्यावे लागते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी 'शिक्षण हमी पत्रक' आहे. गावच्या शाळेने ते द्यायचे, कारखाना भागातल्या शाळेने पाहून मूल दाखल करायचे, आणि परत जाताना झालेला अभ्यास व गुण लिहून द्यायचे. गावीच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. नव्वदीच्या दशकापासून काही कारखान्यांच्या आवारात साखरशाळाही चालल्या.

पण कागद स्वतः चालत जात नाही. टोळी रात्रीत उठते, सामान ट्रॉलीत पडते, आणि पत्रक राहून जाते. बाईंनी मात्र टोळी निघायच्या आदल्या दिवशी स्वतः कोपीवर जाऊन प्रत्येकाच्या हातात कागद दिला आणि मुकादमाला बजावले, "मामा, हा कागद उचलीच्या हिशेबाइतका जपा." पाचवीतल्या त्या मुलीच्या गावच्या शाळेला फोनही केला. एप्रिलच्या परीक्षेला ती आपल्या गावी बसली. निकालाच्या दिवशी बाईंना तिकडून निरोप आला की पोरगी पास आहे. तो निरोप बाईंनी झेंड्याखाली सगळ्यांना वाचून दाखवला. वाडीवरच्या मुलांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर सरीत नांगी पडली होती, ती वेळेत भरली.

शाळेची स्वतःची अडचण

दुसरी गोष्ट आहे आपल्या स्वतःच्या मुलांची. वाडीवरच्या शाळांचा पट घटतो आहे. सकाळी पिवळी गाडी येते आणि सभासदांचीच मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेला घेऊन जाते. ज्याने त्याने आपल्या मुलाचे हित पाहावे, त्यात आम्ही बोलणारे कोण? पण परिणाम लक्षात घ्यावा. शिक्षकांची संख्या ठरते ती ३० सप्टेंबरच्या पटावर. तोडणीची मंडळी येतात त्यानंतर. म्हणजे दिवाळीनंतर शाळेत दहा-बारा पोरे वाढली तरी कागदोपत्री ती शिक्षकाच्या हिशेबात नाहीत. काम वाढते, माणूस वाढत नाही.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' कराव्यात असा विचार २०२३ मध्ये शासनाकडून पुढे आला आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. मोठ्या शाळेत सोयी असतात, खेळायला सोबती मिळतात, हे नाकारता येणार नाही. पण वाडीवरून मोठ्या गावाला जाणारा रस्ता आपल्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर ते मार्च तो उसाच्या वाहनांचा रस्ता असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, पहाटेचे धुके, साइडपट्टीवर सांडलेला ऊस. सात वर्षांच्या पोराला त्या रस्त्याने पाठवताना आईचा जीव किती वर-खाली होत असेल, हे आम्ही वाहतुकीचे काम पाहणाऱ्यांनी तरी विसरू नये.

ऊस आणि शाळा

आपल्या चळवळीत शाळा ही नवी गोष्ट नव्हे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. पुढे १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच माळावर पुढे शिक्षणसंस्था आल्या. वारणेला तात्यासाहेब कोरे यांच्या सहकाराच्या परिसरातून मुलांचा वाद्यवृंद निघाला आणि नावाजला गेला. अनेक कारखान्यांच्या सभासदांनी आपल्या उसाच्या पैशातून शाळा-कॉलेजे उभी केली. ही मोठी कामे झाली. आता पाळी आहे ती बारीक कामांची. त्यांना ना कोनशिला लागते, ना उद्घाटन.

सभासदांनी काय करावे?

१) आपल्या रानात टोळी उतरली की पहिल्याच दिवशी मुकादमाला जवळची शाळा दाखवावी. सहा ते चौदा वयाची मुले किती, हे विचारून गुरुजींना कळवावे. त्याला पाच मिनिटे लागतात.

२) कोप्यांसाठी जागा देताना पाणी आणि रस्ता पाहतो, तशी शाळाही पाहावी. शक्यतो ओढा किंवा मोठा रस्ता न ओलांडता पोरे शाळेत पोहोचतील अशी जागा द्यावी.

३) वाडे बांधायला, मोळ्या उचलायला शाळेच्या वेळी मूल दिसले तर 'आमचे काय जाते' म्हणू नये. तोड आपल्या फडात चालली आहे. आपल्या शब्दाला तेथे वजन असते.

४) ऊस संपून टोळी निघण्यापूर्वी हमी पत्रक घेतले का, हे विचारावे. शेवटची खेप भरताना आपण तेथे असतोच.

५) लागणीच्या आणि भांगलणीच्या दिवसांत स्वतःच्या मुलांनाही घरी ठेवू नये. मजूर मिळत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. तरी सुद्धा.

६) शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. नाव द्यावे आणि बैठकीलाही जावे. घरच्या बाईमाणसाची केवळ सही पाठवू नये, तिला पाठवावे.

७) वाहनधारक सभासदांनी ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी वाडीजवळ वेग कमी ठेवावा, टेपचा आवाजही.

८) संमेलनाला ट्रॉली, ताडपत्री, जाजम मागितले तर नाही म्हणू नये. उसाचे बिल झाले की शाळेची लोकवर्गणीही आठवावी. रक्कम किती, हा प्रश्न नाही.

आता जूनमध्ये

१५ जूनच्या सुमारास शाळा पुन्हा भरतील. आपण त्या वेळी आडसालीच्या तयारीत असाल. रान तापले आहे, शेणखत पडले आहे, १५ जुलै ते १५ ऑगस्ट ही आडसाली लागणीची वेळ गाठायची आहे. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी आणि बेणेमळ्यातलेच घ्या, हे आमचे पालुपद याही वर्षी आहेच. त्यातच पोराला पहिलीत घालायचे असेल तर एक चक्कर वाडीवरच्या शाळेतही टाका. बाईंशी बोला, वर्ग पाहा आणि मग काय तो निर्णय करा. न पाहताच पिवळ्या गाडीत बसवू नका, एवढेच आमचे म्हणणे.

नोंदीच्या वेळी आमच्या गटातील चिटबॉय मंडळी प्लॉटजवळची शाळा कोणती, हेही वहीच्या समासात टिपून ठेवतील, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. तोडणी कार्यक्रम तयार झाला की संबंधित शाळांना टोळी येण्याची व जाण्याची अंदाजी तारीख गट ऑफिसमधून कळवू. अंदाज चुकू शकतो. पाऊस, मशिनरी आणि मुकादम यांचा नेम आम्हालाही देता येत नाही. आणि पुढच्या संमेलनात त्या नाटुकल्यातल्या साहेबाने 'पुढच्या आठवड्यात' म्हणण्याऐवजी तारीख सांगावी, अशी आमची इच्छा आहे.

या बाबतीत आपल्या वाडीवरच्या शाळेचे काही सांगण्यासारखे असेल तर गट ऑफिसला जरूर कळवावे.

कळावे, लोभ असावा.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग